तारेखालचे दात

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंच्या वर्गात, नववीत, एक मुलगी आहे. दोन वर्षे तिच्या दातांना तार होती. दिवाळीच्या सुट्टीत ती निघाली. वेडेवाकडे दात छान ओळीत आले होते. पण समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारच्या दातांवर खडूने रेखाटल्यासारख्या पांढऱ्या चौकटी दिसू लागल्या. आई म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी लावलेला डिंक नीट निघाला नाही बघा." वर्गातल्या मुलांचे निदान वेगळे होते. त्यांच्या मते तारेने दात खाल्ला होता. बाईंनी आम्हाला विचारले, यातले खरे कोणते?

आम्ही त्यांना एकच गोष्ट नीट पाहायला सांगितली. चौकटीच्या मधला भाग कसा दिसतो? दुसऱ्या दिवशी उत्तर आले. मधला चौकोन दाताच्या नेहमीच्याच रंगाचा आहे. पांढरेपणा फक्त कडेने आहे, आणि हिरडीच्या बाजूला जास्त आहे.

म्हणजे दोन्ही निदाने चुकली. डिंकाचा डाग असता तर तो मध्ये असता, कारण डिंक तेथेच होता. तारेने किंवा तिच्या खालच्या धातूच्या ब्रॅकेटने दात खाल्ला असता, तर ब्रॅकेटच्या खालचा भाग आधी गेला असता. घडले उलटेच. ब्रॅकेटखालचा दात शाबूत राहिला आणि बिघडला तो त्याच्या भोवतालचा. हे का झाले ते समजण्यासाठी दोन इतिहास एकत्र वाचावे लागतात, एक दात सरळ करण्याचा आणि दुसरा दात स्वच्छ ठेवण्याचा. पुस्तकांत हे दोन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत दिलेले असतात. मुलांच्या तोंडात मात्र ते एकाच जागी असतात.

बोट, पट्टी आणि दोरा

दात हळूहळू ढकलला तर सरकतो, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने लिहून ठेवले आहे की, दुधाचा दात न पडताच पक्का दात बाजूने येऊ लागला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने जागेकडे ढकलावा. बोटाच्या या तारेला स्वच्छतेचा प्रश्न नव्हता! ढकलून झाले की बोट बाहेर.

१७२८ मध्ये पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने दातांच्या शस्त्रक्रियेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सोन्याच्या किंवा चांदीच्या पातळ पट्टीला भोके पाडून ती दोऱ्याने दातांना बांधण्याची रीत दिली आहे. वाकडा दात दोऱ्याच्या ताणाने पट्टीकडे ओढला जाई. दाताला कीड लागते म्हणजे आत खरोखरच अळी असते, ही तेव्हाची समजूत फोशारने नाकारली. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्याला अळी दिसली नाही. गोड खाण्याने दात बिघडतात असेही त्याने बजावले. दात पुसायला तो स्पंज आणि कोमट पाणी सुचवी. त्याच ग्रंथात त्याने दातदुखीवर स्वतःच्या ताज्या लघवीने चूळ भरण्याचाही सल्ला दिला आहे. मोठ्या माणसांचे सगळेच सल्ले पाळायचे नसतात, हे वर्गात सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातवणाचे माप दिलेले आहे. लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी. टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि हिरडीला इजा न होऊ देता एकेक दात घासायचा. मोकळ्या दातांसाठी हे साधन उत्तम होते. पण जेथे दातांवर काहीच चिकटवलेले नाही अशाच तोंडासाठी ते होते, हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

फोशारला अळी दिसली नाही. पण त्याच्या आधी पंचेचाळीस वर्षे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याला काहीतरी दिसले होते. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा, पिठासारखा मळ काढून पाण्यात कालवला आणि आपल्या भिंगाखाली धरला. त्यात असंख्य बारीक जीव सळसळत होते. हा माणूस रोज सकाळी मिठाने दात घासणारा होता, हे विशेष. पुढे त्याने दातांना व्हिनेगर लावून पाहिले, तेव्हा मळाच्या बाहेरच्या बाजूचेच जीव मेले, आतले तसेच राहिले. या निरीक्षणाचे महत्त्व कळायला दोनशेहून अधिक वर्षे गेली. दातावरचा मळ म्हणजे नुसती घाण नव्हे. ती जिवाणूंची घट्ट विणलेली वस्ती आहे. चूळ भरून ती जात नाही, खरवडूनच काढावी लागते. दंतवैद्य या थराला प्लाक म्हणतात.

प्रत्येक दाताला अंगठी

१८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने तोंडातल्या जिवाणूंवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा प्रयोग शाळेतही समजेल इतका साधा होता. काढलेला दात, लाळ आणि पावाचा तुकडा एकत्र करून उबेत ठेवला. दाताचे कठीण द्रव्य विरघळू लागले. पावाऐवजी मांसाची चरबी ठेवली, काही झाले नाही. लाळ आधी तापवून घेतली, तरीही काही झाले नाही. म्हणजे तीन गोष्टी लागतात: दात, पिष्ट किंवा साखर, आणि जिवंत जिवाणू. जिवाणू साखर खातात, आम्ल सोडतात आणि आम्ल दात विरघळवते.

मिलरचे पुस्तक येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच अमेरिकेत एडवर्ड अँगल याने वाकड्या दातांचे वर्गीकरण मांडले. ते साल होते १८९९. ते वर्गीकरण आजही दंतवैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. पुढची तीस वर्षे अँगल एकामागून एक नवी यंत्रणा काढत राहिला आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने जी मांडली तिचीच वंशज आज बहुतेक मुलांच्या दातांवर असते. चौकोनी खाच असलेले छोटे ब्रॅकेट, त्या खाचेत बसणारी चौकोनी तार. तारेने ब्रॅकेटला पिळायचे, ब्रॅकेटने दाताला.

पण ब्रॅकेट दाताला लावायचे कसे? दाताला धातू चिकटेल असा डिंक तेव्हा नव्हता. म्हणून प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी अंगठीसारखी चढवत आणि ब्रॅकेट त्या अंगठीला जोडत. आधी त्या सोन्याच्या असत, १९३० नंतर स्टेनलेस स्टीलच्या आल्या. अंगठी सिमेंटने बसवत. हे सिमेंट लाळेत हळूहळू झिजते. कडक काही चावताना अंगठी एका कडेने किंचित उचलली जाई. तार तिला धरून ठेवी, त्यामुळे ती पडत नसे आणि मुलाला काही कळतही नसे. आत मात्र अन्न आणि जिवाणू शिरत. तेथे कोणताही ब्रश पोचत नव्हता. मिलरच्या काचपात्रातल्या तिन्ही गोष्टी आता अंगठीखाली हजर होत्या. वर्ष-दीड वर्षाने अंगठी काढली की खाली मऊ, खडूसारखा पांढरा पट्टा निघे.

म्हणजे दात धरण्याची पकड जितकी पक्की झाली, तितकी दात घासण्याची वाट बंद होत गेली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली ही मुख्य गोष्ट आहे.

१९४० च्या सुमारास रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने दातावरच्या प्लाकला बारीक विद्युत-अग्र टेकवून त्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजला. ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू घसरला आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागला. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, खनिज विरघळू लागते. तो वर आला की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा थोडे थोडे जागेवर बसते. अशी देवाणघेवाण तोंडात दिवसभर चालते. एकदाच भरपूर गोड खाणे आणि तेवढेच गोड दर अर्ध्या तासाने चघळणे यांत काय फरक आहे, हे स्टीफनचा आलेख फळ्यावर काढला की मुलांना सांगावे लागत नाही. दुसऱ्या प्रकारात आलेख वर यायला वेळच मिळत नाही.

आम्लाचीच मदत

आता गंमत पाहा. ज्या आम्लाने दात बिघडतो, त्याच मार्गाने डिंकाचा प्रश्न सुटला. रंग चांगला धरावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागाला रंगवण्याआधी फॉस्फरिक आम्ल लावतात. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकेतील रॉचेस्टरच्या संशोधकाने हेच दातावर करून पाहिले. १९५५ मध्ये त्याने लिहिले की, एनॅमलला ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल फक्त तीस सेकंद लावून धुतले, तर त्यावर ॲक्रिलिक प्लास्टिकचा थेंब कितीतरी पट जास्त काळ टिकतो. नुसत्या दातावरून तो काही तासांत निघे, आम्ल लावलेल्या दातावर कित्येक आठवडे राही. आम्लाने एनॅमलमध्ये अतिसूक्ष्म खळगे पडतात, प्लास्टिक त्यांत शिरून घट्ट होते आणि मुळे रोवल्यासारखे बसते.

याचा उपयोग करून १९६५ मध्ये अमेरिकेतच जॉर्ज न्यूमन याने ब्रॅकेट थेट दाताला चिकटवण्याची पद्धत मांडली. जपानमध्ये मिउरा आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अधिक चांगला डिंक वापरून तिला बळ दिले. आठ-दहा वर्षांत समोरच्या दातांवरच्या अंगठ्या गेल्या. योगायोग असा की, भारतातल्या या शाखेच्या दंतवैद्यांची संघटनाही १९६५ मध्येच स्थापन झाली. आपल्याकडे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केले होते.

अंगठी गेली, आता पांढरे डागही जातील, असे सर्वांना वाटले. १९८२ मध्ये गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट या तिघांनी तार काढलेल्या मुलांचे दात तपासले. सुमारे निम्म्या मुलांना निदान एक नवा पांढरा डाग होताच. सर्वांत जास्त डाग वरच्या समोरच्या दोन दातांच्या शेजारी, म्हणजे आपल्या नववीतल्या मुलीला होते तेथेच. मात्र खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, वर्षानुवर्षे चिकटवून ठेवलेल्या तारेखाली डाग नव्हते. तेथे लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, दात सतत धुतले जातात. वरच्या समोरच्या दातांपाशी लाळ कमी पोचते.

नॉर्वेत ऑगार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यापुढचा प्रश्न विचारला: डाग पडायला वेळ किती लागतो? पुष्कळदा तार लावताना जागा करण्यासाठी काही दाढा काढाव्याच लागतात. अशा, पुढे काढायच्याच असलेल्या दाढांवर त्यांनी मुद्दाम सैल अंगठ्या बसवल्या आणि आत प्लाक साचू दिला. चार आठवड्यांत पांढरा डाग डोळ्यांना दिसू लागला. चार आठवडे! मूल डॉक्टरांकडे तार आवळायला जाते ते साधारण तेवढ्याच अंतराने. डाग पडू लागल्याचे डॉक्टरांना पुढच्या भेटीत दिसेल खरे, पण तोवर तो पडलेला असेल.

पांढरेच का?

खनिज गेले तर खड्डा पडावा, पांढरे का दिसावे? पहिल्या टप्प्यात खड्डा पडत नाही. वरचा अगदी पातळ थर बराचसा टिकतो आणि त्याच्या खालून खनिज निघून जाते. तेथे बारीक पोकळ्या होतात. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. प्रकाश एनॅमलमधून पोकळीत आणि पोकळीतून एनॅमलमध्ये जाताना विखुरतो, म्हणून भाग अपारदर्शक आणि पांढरा दिसतो. पोकळीत पाणी असेल तर फरक कमी, हवा असेल तर जास्त. म्हणूनच दंतवैद्य दात वाऱ्याने सुकवून पाहतात. अगदी सुरुवातीचा डाग ओल्या दातावर लपतो आणि सुकल्यावर दिसतो. भिजलेले पांढरे कापड अंगाला चिकटले की आरपार दिसते आणि वाळले की पांढरे होते, तोच हा प्रकार.

ब्रॅकेटखालचा चौकोन का वाचतो, हे वर्गात दाखवता येते. अंड्याच्या कवचावर नेलपॉलिशचा लहान चौकोन काढून वाळू द्या. मग अंडे व्हिनेगरमध्ये चार-पाच तास ठेवा. बाहेर काढून धुवा आणि नेलपॉलिश पुसून टाका. चौकोन उंच राहिलेला बोटाला जाणवेल, भोवतालचे कवच झिजलेले असेल. जेथे शाळेत अंडे चालत नाही तेथे शिंपला घ्यावा, वेळ मात्र जास्त लागेल. एक सावधगिरी: अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणून बुडबुडे येतात. दाताचे खनिज कॅल्शियम फॉस्फेटचे असते आणि ते वरून झिजण्याआधी आतून पोकळ होते. प्रयोग दाखवतो तो झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक, डागाची आतली रचना नव्हे.

ब्रश कोठे अडतो

अमेरिकेत लेव्ही पार्मली हा दंतवैद्य १८१५ च्या सुमारास दातांच्या फटींतून मेण लावलेला रेशमी दोरा फिरवायला सांगत असे. १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला, त्याआधीचे ब्रश डुकराच्या केसांचे असत. १९४० च्या दशकात अमेरिकेतलेच डॉ. चार्ल्स बास यांनी ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, सुमारे ४५ अंशांत टेकवून हलकेच हलवण्याची रीत रूढ केली. ही तिन्ही साधने मोकळ्या दातांसाठी घडली. तार लागली की दोरा वरून खाली उतरत नाही, तो तारेखालून प्लास्टिकच्या सुईने ओवावा लागतो. ब्रश आडवा फिरवला तर केस ब्रॅकेटच्या माथ्यावरून सरकतात आणि हिरडी व ब्रॅकेट यांच्यामधली चिंचोळी पट्टी कोरडीच राहते. डाग तेथेच पडतात.

म्हणून तार असताना एकेक दात दोन दात समजून घासावा लागतो. एकदा ब्रश हिरडीच्या बाजूने तिरका, एकदा चावण्याच्या कडेकडून तिरका, तारेच्या वरून आणि खालून. बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा चिमुकला ब्रश मिळतो, तो तारेखालून ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना फिरवावा. घासून झाल्यावर ब्रॅकेटच्या कडा चकचकीत दिसल्या पाहिजेत, दुधाळ नव्हे. आरशात पाहण्याची ही सोपी खूण आहे. दातवणाचा कुंचला या कोपऱ्यांत शिरत नाही, आणि त्यामागे जुन्या पद्धतीला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. राखुंडीची गोष्ट वेगळी. तिचे कण आधीच मऊ झालेले एनॅमल खरवडतात. मशेरी तर तंबाखूच आहे, ती कोणाच्याच तोंडात नको.

शाळेचा डबा हाही यातलाच विषय. चिक्की, ऊस, मक्याचे कणीस, भाजलेले चणे यांनी ब्रॅकेट निखळते. निखळले की उपचार लांबतो, आणि तार जितके महिने जास्त, तितकी डागाची शक्यता जास्त. गोळ्या चघळण्याचे स्टीफनच्या आलेखात आलेच. पोळी-भाजीला हरकत नाही, फक्त तिचे कण ब्रॅकेटमध्ये अडकून राहतात. जेवणानंतर ते चूळ भरून काढता येतात, प्लाक मात्र चूळ भरून जात नाही. लेवेनहूकचे व्हिनेगर आठवावे. ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबरी कडे आपल्या आमटीतल्या हळदीने आठवड्यात पिवळे होते. मुले त्याने खट्टू होतात आणि दात खराब झाले समजतात. ते कडे बदलता येते, दाताला त्याने काही होत नाही.

फ्लोराइडबद्दल थोडे सांगायला हवे. फ्लोराइड बसलेले एनॅमल आम्लाला अधिक दाद देत नाही. ते विरघळण्यासाठी सामू साधारण ४.५ पर्यंत उतरावा लागतो. म्हणून तार असताना फ्लोराइडयुक्त पेस्ट दिवसातून दोनदा वापरायला सांगतात, आणि लंडनमध्ये विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये मांडलेले, फ्लोराइड सोडत राहणारे सिमेंट दाढांवरच्या अंगठ्यांसाठी वापरतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत मात्र विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील मुलांच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी ठिपके तारेचे नसतात. ते दात हिरडीतून वर येतानाच बरोबर आणतो आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर ते सारखे असतात. शिक्षकांनी दोन्हींत गल्लत करू नये. अशा एनॅमलला ब्युओनोकोरचे आम्लही सहज लागत नाही, दंतवैद्यांना ते अधिक वेळ ठेवावे लागते. अशा गावांत पेस्ट कोणती, हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवावे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस तारेऐवजी काढता येणारे पारदर्शक साचे आले. ते काढून दात नेहमीसारखे घासता येतात. तो सोन्याच्या पट्टीकडून पुन्हा सेल्ससच्या बोटाकडे झालेला प्रवास म्हणता येईल. पण साचा घालून सरबत प्यायले, तर गोड पाणी साच्याखाली कोंडते आणि तेथे लाळही येत नाही. शिवाय खर्च पुष्कळ, आणि अवघड जागचे दात सरकवायला तारच लागते.

नववीतल्या त्या मुलीच्या बाईंना आम्ही एवढेच कळवले: डाग घासून काढायचा प्रयत्न करू नका. ब्रॅकेट गेल्यामुळे लाळ आता तेथे पोचते आहे. नीट घासणे आणि साधी फ्लोराइडची पेस्ट यांनी पहिल्या काही महिन्यांत असे डाग पुष्कळदा फिकट होतात, सगळे जातातच असे नाही. जे उरतात त्यांवर दंतवैद्यांकडे उपाय असतात, पण त्याआधी थांबून पाहावे. मार्चमध्ये बाईंचे उत्तर आले. डाव्या दातावरची चौकट दिसेनाशी झाली आहे, उजव्या दातावरची हिरडीजवळची कड अजून आहे. आणि वर्गात आता आणखी दोघांना तार लागली आहे. ते दोघे डबा खाल्ल्यावर नळापाशी जातात, हातात ब्रश असतो, आणि बाकीची मुले थोडे दिवस हसून आता हसायची थांबली आहेत.